माउसला हात न लावणारा माणूस

आर. के. पुरम, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय श्याम,

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोहोचलो, खुर्चीत बसलो आणि डोळे मिटून कॉम्प्युटर सुरू केला. पासवर्ड टाकला. विंडोजचं बटण दाबलं, फाइलींच्या साइटची पहिली तीन अक्षरं, मग एन्टर. एक फाइल उघडली असं समजून तिच्यावर चार ओळींचा शेरा लिहिला. मग डोळे उघडले. फाइल उघडलीच नव्हती. मध्येच एक चौकट वर आली होती. या संगणकाला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं, आणि माझा शेरा कुठेही उमटला नव्हता. इतका वेळ मी हवेत टाइप करत होतो.

तू म्हणशील, तीन वर्षांनी दादाचा ईमेल आला आणि त्यात हे काय. कारण सांगतो. आमच्या शाखेतले कॉम्प्युटर जुने आहेत. नवं विंडोज त्यातल्या बहुतेकांवर चढत नाही आणि जुन्याचे अपडेट थांबले. तेव्हा कोणत्या टेबलाला कोणती सिस्टीम द्यायची हे ठरवायला एक कमिटी नेमली आहे. आमचे अंडर सेक्रेटरी टुटेजा साहेब अध्यक्ष, क्षिप्रा म्हणून कानपूरची एक हुशार मुलगी दोन वर्षांपूर्वी शाखेत आली आहे, ती, आणि मी.

मी का, तर मी माउसला हात लावत नाही म्हणून. सगळं कीबोर्डवरून करतो. हे कधीतरी कोणाच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून शाखेत माझी कीर्ती झाली आहे. नव्या माणसाला माझ्या टेबलापाशी आणून दाखवतात. "देखो, नरसिंह जी को देखो, माउस छूते तक नहीं. इसको कहते हैं कमांड." मी हसतो. आपल्या शाळेत गुरुजींनी दिडकीपर्यंतचे पाढे घोकून घेतले होते ना, तसेच मी ते कीबोर्डचे मार्ग घोकले आहेत. आल्ट, टॅब, टॅब, टॅब, एन्टर. कुठे किती टॅब ते मला झोपेत सांगता येईल.

आता मुद्दा. शाखेत एक सहकारी आहे. त्याची नजर अधू होत चालली आहे. कमिटीने त्याचाही विचार करायला हवा, म्हणून मी डोळे मिटून पाहत होतो. तू बँकेत इतकी वर्षं न पाहता कॉम्प्युटरवर काम करतोस. तुला मशीन सगळं वाचून दाखवतं, हे पत्रही आत्ता तेच वाचत असेल. अशा माणसाला विंडोज बरं, लिनक्स बरं, की अॅपलचं मॅक? सवडीने कळव.

आईच्या वर्षश्राद्धाला आपलं जे बोलणं झालं ते मी विसरलेलो नाही. तू म्हणालास, "दादा, तू मला भेटायला येतोस की माझ्या डोळ्यांना?" मी अंगारा आणला होता, त्यावरून. अंगारा आणण्यात माझं काय चुकलं ते मला अजून पटलेलं नाही, त्यावर मी आजही वाद घालीन. पण ते राहू दे. वरचं तेवढं कळव.

उत्तरा आणि अक्षया बऱ्या आहेत.

तुझा,
दादा


२५ नोव्हेंबर

प्रिय श्याम,

तुझं उत्तर दोन ओळींचं आलं. "त्या सहकाऱ्याला विचार, संध्याकाळी जिना उतरताना तो पाय आधी टेकवून बघतो का. बघत असेल तर त्याला म्हणावं, दादा, स्वतःच्या नावाने लिही."

ठीक आहे. स्वतःच्या नावाने लिहितो.

मला मधलंच दिसतं. जणू नळकांड्यातून. समोरच्या ओळीतलं अक्षर स्वच्छ दिसतं, पण त्याच्या बाजूचा माणूस दिसत नाही. माउसचा बाण पडद्यावर कुठे आहे ते मला सापडत नाही. शोधायला लागलो की एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवावी लागते, तोवर फोन वाजतो, कोणीतरी येतं. म्हणून मी माउस सोडला. त्याला लोक कमांड म्हणतात.

ऑगस्टमध्ये डॉक्टरकडे गेलो होतो. सरकारी कार्डावरच्या दवाखान्यात गेलो नाही, कारण तिथे ऑफिसातलं कोणी ना कोणी रांगेत असतंच. नोएडातल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला आहे का? मी म्हणालो, मामाला होतं, धाकट्या भावाला आहे. त्यांनी दिवा बाजूला ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली. त्यांनी खुर्ची ओढली तेव्हाच मला कळलं.

तुला पंचविशीत आलं, मला पन्नाशीला. एवढाच फरक. किती वर्षं ते त्या सांगू शकत नाहीत. हळूहळू जाईल, म्हणाल्या.

उत्तराला मी चष्म्याचा नंबर वाढला आहे असं सांगितलं आहे. ती म्हणते, मग नवा करा ना, चेहरा पाडून काय बसता.

श्याम, मला भीती वाटते. शब्द साधा आहे पण दुसरा सापडत नाही. मामा ओट्यावर बसलेला असायचा आणि येणारा-जाणारा त्याच्या हातात काहीतरी ठेवायचा, शेंगा, पेरू, आणि तो ते चाचपून ओळखायचा आणि लोक हसायचे. प्रेमानेच हसायचे. मला ते प्रेम नको आहे. रोज देवापुढे बसतो, डोळे मिटूनच बसतो, आणि आता मिटायलाही घाबरतो. पूर्वी आतमध्ये शांत अंधार असायचा, आता तो बाहेरच्या अंधाराचा नमुना वाटतो.

आणि याच वेळी ही कमिटी. आमच्या शाखेतल्या बहुतेकांच्या कामाला लिनक्स पुरतं. पत्रं, टिपण्या, फाइलींची साइट, एवढंच काम. जुन्या मशीनवरही ते हलकं चालतं, क्षिप्राने एका मशीनवर चढवून दाखवलं आहे. पण तिथे माझे मार्ग नाहीत. तीन टॅबच्या जागी पाच, खिडक्या वेगळ्या, बटणं वेगळी. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर पडद्यात नाक खुपसून बाण शोधत बसेन, आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळेल.

टुटेजा साहेब काल म्हणाले, "नरसिंह जी, मुझे इसमें कुछ समझ नहीं आता. आप जो बोलेंगे, वही ऊपर जाएगा."

म्हणजे मी विंडोज म्हटलं तर विंडोज.

दादा


७ डिसेंबर, रविवार

प्रिय श्याम,

तुझं लांबलचक उत्तर वाचलं, दोनदा वाचलं. तिन्ही सिस्टीममध्ये वाचून दाखवणारा आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. विंडोजसाठी फुकट मिळतो आणि तू स्वतः तोच वापरतोस, मॅकमध्ये घरचाच असतो, लिनक्सलाही आहे. आणि तू लिहिलंस ते मी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून ठेवलं: "कोणती सिस्टीम चांगली असं काही नसतं दादा. कोणत्या कामाला, कोणाच्या हाताला, एवढंच विचारायचं. आणि वाचून ठरवायचं नाही, बसून ऐकायचं."

तर काल बसून ऐकलं. अक्षया मैत्रिणीबरोबर सरोजिनी नगरला स्वेटर घ्यायला गेली होती. तिच्या डिझाइनच्या कोर्ससाठी घेतलेलं मॅक टेबलावर होतं. तू सांगितलेली बटणं दाबली आणि तो आवाज सुरू झाला, एकदम मोठ्याने, इंग्रजीत, थांबेचना. उत्तरा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "कोण आलंय? बाई आहे का कोणी?" मी म्हणालो, कॉम्प्युटर आहे. ती म्हणाली, "मग तिला म्हणावं हळू बोल, शेजारच्या मिश्रांना वाटेल आपल्यात भांडण चाललंय."

मग मी पडदा काळा केला आणि ऐकत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी थोडं जमायला लागलं. एक फोल्डर उघडलं, आत काय आहे ते कॉम्प्युटरमधल्या त्या बाईने वाचलं. अक्षयाच्या फाइलींची मराठी नावं ती इतकी विचित्र वाचत होती की मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

आणि अक्षया दारात उभी होती. कधी आली ते मला दिसलं नाही. ती बाजूला होती ना.

"बाबा, स्क्रीन ऑफ का केलीये?"

"कमिटीचं काम आहे. बघतोय कसं चालतं."

"बघताय? स्क्रीन ऑफ करून?"

मी पडदा पुन्हा लावायचं बटण शोधू लागलो.

"बाबा, सच सच सांगा. काकांसारखं?"

"काहीतरीच काय. नंबर वाढलाय."

ती पिशवी घेऊन आत गेली. जेवताना म्हणाली, "स्वेटर बघितला नाहीत माझा." ती माझ्या डाव्या हाताला बसली होती, नवा स्वेटर घालून, लाल. मी मान वळवली तेव्हा दिसला. तिने मुद्दाम तिथे बसून पाहिलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिला मी खोटं सांगितलं. का सांगितलं ते तुला कळेल. मामाकडून आपल्याकडे आलं. तिच्याकडे जाणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी म्हटलेलं नाही. तपासून घ्या, म्हणाल्या. माझ्याबद्दल तिला सांगायचं म्हणजे तिच्याबद्दलही सांगायचं. वीस वर्षांच्या मुलीला ही गोष्ट मी कशी सांगू? दिवसभर चित्रं काढते ती.

देवाला मी आजवर काही मागितलेलं नाही. तुझ्यासाठी मागितलं, तेवढंच. आता मागावंसं वाटतं, आणि तोंडातून शब्द निघत नाही.

दादा


१६ डिसेंबर

प्रिय श्याम,

आज मी एक वाईट काम केलं, म्हणजे जवळजवळ केलं.

टिपणीचा मसुदा लिहिला. सगळ्या शाखेला विंडोज द्यावं, त्यासाठी नवी मशीन घ्यावीत. कारणं दिली. कर्मचाऱ्यांची सवय. प्रशिक्षणाचा वेळ. देवनागरी मजकूर दुसऱ्या सिस्टीममध्ये नीट राहील याची खात्री नाही. एकही वाक्य उघड खोटं नव्हतं आणि सगळं मिळून खोटं होतं.

क्षिप्राने वाचलं. ही मुलगी माझा मान ठेवते, माझ्याशी कधी आवाज चढवून बोलत नाही.

"सर, देवनागरी तो हमने साथ में टेस्ट किया था. ठीक था."

"एक मशीन पे ठीक था," मी म्हणालो.

"तो बाकी पे भी कर लेते हैं. आज ही कर देती हूँ."

"इतना टाइम नहीं है."

"सर, ये पुरानी मशीनें सब कबाड़ में जाएँगी फिर. चलती हुई मशीनें. आप ही तो बोलते हैं, चलती चीज़ फेंकनी नहीं चाहिए."

मी म्हणतो खरं तसं. आई म्हणायची, तिच्याकडून माझ्याकडे आलं. मी म्हणालो, उद्या बघू. ती "बिल्कुल, सर" म्हणून निघून गेली. दारापाशी कोणीतरी तिला विचारलं, क्या हुआ. ती म्हणाली, "कुछ नहीं यार. नरसिंह सर एक्सपर्ट हैं, कुछ सोचा होगा." चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खरोखर तसंच समजत होती.

इथपर्यंतचं तुला दुपारीच पाठवलं होतं आणि तुझं उत्तर तासाभरात आलं; पुढचं आता रात्री लिहितो. "दादा, तू शाखेसाठी सिस्टीम निवडत नाहीयेस. स्वतःसाठी लपायची जागा निवडतो आहेस, आणि तीही वर्ष-दोन वर्षांपुरती. विंडोज तुला हवंच आहे, पण ते लपायला नव्हे, ऐकायला. मग तेवढंच माग. नोकरीत असताना दृष्टी गेली तर कायद्याने काढता येत नाही आणि खालच्या पदावरही टाकता येत नाही, हे तुला मी सांगायला हवं? सरकारात तू आहेस की मी?"

कायदा मला ठाऊक आहे. त्याच्या परिपत्रकाची फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती. मी तिच्यावर सही केली तेव्हा ती दुसऱ्या कोणासाठी तरी होती.

घरी येताना धुकं होतं. बसस्टॉपपासून क्वार्टरपर्यंतचा रस्ता मला पायांनी पाठ आहे. तरी कोपऱ्यावर एक ई-रिक्षा बाजूने आली, माझ्या बाहीला घासून गेली. चालक ओरडला, "अंधा है क्या?" रोज हजारो लोक हे हजारो लोकांना म्हणतात, त्यात काही नसतं. मी फुटपाथवर उभा राहिलो, पाय उचलेना. मागून एक म्हाताऱ्या बाई आल्या. "बेटा, क्रॉस करना है?" मी हो म्हणालो. पहिल्यांदा हो म्हणालो, श्याम. त्यांनी कोपराला धरलं आणि पलीकडे नेलं, वाटेत त्यांच्या सुनेबद्दल तक्रार सांगितली, आणि निघून गेल्या. मला वाटलं होतं काहीतरी मोडेल. काही मोडलं नाही. पण भीतीही गेली नाही.

मसुदा अजून पुढे पाठवलेला नाही. उद्या लिनक्सच्या मशीनवर तो आवाज लावून फाइलींची साइट ऐकणार आहे, आणि मग विंडोजवर. खोटंच लिहायचं तर निदान खरं काय ते ऐकून लिहावं.

दादा


२४ डिसेंबर

प्रिय श्याम,

आधी जे ऐकलं ते सांगतो. लिनक्सवरचा आवाज पत्रं चांगली वाचतो. पण आमच्या फाइलींच्या साइटवर त्याला बरीच बटणं कळत नाहीत, नुसतं "बटण, बटण" म्हणतो. कोणतं बटण ते सांगत नाही. पुढे पाठवायचं की बंद करायचं, हे न कळता दाबणं म्हणजे विहिरीत पाय टाकणं. विंडोजवर तू वापरतोस तो आवाज लावला तर तीच साइट बऱ्यापैकी बोलते. दोन ठिकाणी अडते, तेवढं मी घोकू शकेन. म्हणजे ज्याला दिसतं त्याला लिनक्स पुरतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला, आमच्या या कामापुरतं, विंडोज. हे क्षिप्रानेच शेजारी बसून ऐकलं. हेडफोनचा एक कान तिच्याकडे, एक माझ्याकडे. "सर, कमिटी के लिए इतना डीटेल में कोई नहीं करता," ती म्हणाली. मी तिला तेव्हाही काही सांगितलं नाही.

घरी आधी सांगितलं, सोमवारी. उत्तराला आणि अक्षयाला एकत्र बसवून. उत्तरा म्हणाली, "नोएडाला एकटे गेलात? आणि मी चष्मा चष्मा करत बसले." मग उठून गॅस बंद करून आली आणि पुन्हा माझ्याशेजारी बसली. अक्षयाने पहिला प्रश्न विचारला तो मला वाटला होता तोच.

"आणि मला?"

"ठाऊक नाही. तपासायला लागेल."

"कधी?"

"तू म्हणशील तेव्हा. मी बरोबर येईन."

"तुम्ही बरोबर नाही येणार, मी तुम्हाला नेणार," ती म्हणाली. मग आत जाऊन रडली. दार लावून, पण क्वार्टरच्या भिंती तुला ठाऊक आहेत. तिने तुझा नंबर मागितला आहे. तुझा फोन वाजला तर उचल, तिचं मराठी मध्येच हिंदीत घसरतं, तेवढं सांभाळून घे. ती तुझ्याशी जे बोलेल ते मला सांगू नकोस.

काल कमिटीची बैठक होती. मसुदा मी नव्याने लिहिला होता. सकाळी देवापुढे बसलो तेव्हा काही मागितलं नाही, फक्त तो मसुदा मनातल्या मनात म्हटला, अडखळतो का ते पाहायला.

बैठकीत मी तोंडी सांगितलं. शाखेच्या पत्रव्यवहाराच्या टेबलांना, आहे त्याच मशीनवर, लिनक्स. हिशेबाच्या दोघांना विंडोज, कारण त्यांचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. प्रकाशनाच्या टेबलावर मॅक आहे ते राहू द्यावं, छपाईवाले त्यातल्याच फाइली मागतात. क्षिप्रा माझ्याकडे पाहत होती. तिचं म्हणणं मान्य झालं होतं आणि तिला ते खरं वाटत नव्हतं.

"बढ़िया," टुटेजा साहेब म्हणाले. "तो फाइनल?"

"एक और है, सर. एक विंडोज मशीन, पढ़कर सुनाने वाले सॉफ्टवेयर और हेडफोन के साथ."

"वो किसके लिए?"

टेबलाखाली मी गुडघे घट्ट धरून ठेवले होते.

"मेरे लिए, सर. मेरी नज़र जा रही है."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली. "अरे नरसिंह जी, आप तो माउस भी…" आणि तिथे थांबले. ते कुठल्या शब्दावर थांबले आणि त्यांना तिथे काय समजलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चेहरा बरोबर समोर होता. क्षिप्राने पेन खाली ठेवलं, त्याचा आवाज आला.

"कब से?" त्यांनी विचारलं.

"डेढ़-दो साल से, सर."

"और आपने बताया नहीं?"

"डर था, सर."

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "मेरे पिताजी को भी आख़िर में…" आणि ते वाक्यही त्यांनी पुरं केलं नाही. चहा मागवला. कोणीही मला दया दाखवली नाही, किंवा दाखवली असेल तर ती माझ्या बाजूला होती आणि मला दिसली नाही.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मेडिकल बोर्डापुढे जावं लागेल. मजल्यावर आज सकाळपासून माझ्याशी सगळे जरा मोठ्याने बोलतात, जणू माझे कान गेले आहेत. रात्री अजून घाबरून उठतो. उत्तरा हात धरते, तेव्हा कळतं की ती आधीपासून जागी होती.

टिपणीत प्रत्येक मशीनपुढे कारण द्यायचं असतं. काल चहा झाल्यावर क्षिप्रा टाइप करायला बसली आणि माझ्या मशीनपाशी थांबली. "सर, यहाँ 'विशेष आवश्यकता' लिख दूँ?" तिने हळू विचारलं. मी तिला उठवलं, तिच्या खुर्चीत बसलो, आणि त्या जागी स्वतः लिहिलं: वापरणाऱ्या कर्मचाऱ्याची दृष्टी कायमची जात आहे. खाली माझं नाव आणि पद लिहिलं. टुटेजा साहेबांनी सही केली, मी केली, आणि पुढे पाठवायचं बटण मीच दाबलं. फाइल वर गेली आहे.

तुझा,
दादा